उष्ण समुद्रावरची जंप जेट आणि परतीच्या भाराचा हिशोब

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘हर्मीस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या ब्रिटिश विमानवाहू नौकांवरच्या सी हॅरियर विमानांनी जंप जेट या विमानप्रकाराला जगभर नाव मिळवून दिले. आखूड डेकवरून थोडी धाव घेऊन उडायचे आणि परतल्यावर नौकेच्या बाजूला हवेत स्थिर उभे राहून सरळ खाली उतरायचे, ही या विमानांची रीत तोवर अनेकांना निव्वळ प्रात्यक्षिकात शोभणारी वाटत असे. त्या युद्धात हवाई झुंजीत एकही सी हॅरियर पडले नाही आणि ती शंका मिटली. या यशाचे श्रेय वैमानिकांना, नव्या पिढीच्या साइडवाइंडर क्षेपणास्त्रांना आणि डेकवर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र आणखी एका साथीदाराचा उल्लेख क्वचितच होतो. ते युद्ध एप्रिल ते जून या काळात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्याच्या तोंडावर, दक्षिण अटलांटिकच्या गार पाण्यावर लढले गेले. हवा थंड होती, म्हणून दाट होती, आणि दाट हवेत जेट इंजिन आपली पूर्ण ताकद दाखवते.

पुढे पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, हीच ‘हर्मीस’ भारतीय नौदलात ‘विराट’ या नावाने दाखल झाली आणि तिच्यावरून उडणारी विमानेही सी हॅरियरच होती. नौका तीच आणि विमानाची जातही तीच होती. बदलली होती ती हवा. दक्षिण अटलांटिकची जागा अरबी समुद्राने घेतली होती, जिथे मॉन्सूनपूर्व काळात पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमानच ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एका नौकेच्या आयुष्यात घडलेला हा बदल ज्या प्रश्नाकडे बोट दाखवतो, त्याकडे संरक्षणविषयक सार्वजनिक चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे मत आहे. जंप जेट किती शस्त्रे वाहून नेते, या प्रश्नाचे उत्तर एका ठोक आकड्यात देता येत नाही. तो प्रश्न कोणत्या हवेत विचारला आहे यावर उत्तर अवलंबून असते. उष्ण समुद्रांवर वावरणाऱ्या नौदलांनी, आणि त्यांच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या संसदांनी, या विमानांची क्षमता एकाच मापाने मोजायला हवी: सर्वांत उष्ण आणि दमट दिवशी, न वापरलेली शस्त्रे अंगावर असताना, ते विमान आपल्या नौकेवर सुरक्षित उतरू शकते का, आणि किती भारासह?

हे माप इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी आधी हवेकडे पाहावे लागते. जेट इंजिन हवा आत ओढते, दाबते, तिच्यात इंधन जाळते आणि ती वेगाने मागे फेकते. त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेतून जो रेटा मिळतो त्याला थ्रस्ट म्हणतात. दर सेकंदाला किती वस्तुमानाची हवा फेकली गेली, यावर हा रेटा अवलंबून असतो. विमानशास्त्रात प्रमाण मानल्या गेलेल्या वातावरणात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश धरतात, आणि त्या वेळी एका घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो असते. तापमान ३५ अंशांवर गेले की हेच वजन साडेसहा टक्क्यांनी घटते. त्यात समुद्रावरची आर्द्रता मिसळते. दमट हवा जड असते असा आपला समज असतो, पण वस्तुस्थिती उलटी आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू कोरड्या हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, आणि ३५ अंशांच्या चांगल्या दमट हवेत या कारणाने आणखी दीड ते पावणेदोन टक्के घनता कमी होते. उन्हाळ्यात पर्शियन आखातावर हवेचा दाबही नेहमीपेक्षा कमी असतो, त्याची आणखी एखादी टक्का वजावट धरावी लागते. म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवाच आठ-नऊ टक्क्यांनी विरळ झालेली असते.

इंजिनाचे नुकसान मात्र एवढ्यावर थांबत नाही. गरम हवा दाबायला कठीण असते, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत कॉम्प्रेसर तिच्यावर कमी दाब निर्माण करतो. शिवाय टर्बाइनची पाती किती तापू द्यायची याला धातूची मर्यादा असते. आत येणारी हवाच तापलेली असेल तर ती मर्यादा लवकर गाठली जाते, आणि नियंत्रण यंत्रणेला इंधन रोखून धरावे लागते. जंप जेटच्या बाबतीत याहून वाईट गोष्ट पुढे असते. विमान डेकजवळ येते तेव्हा खाली सोडलेले तप्त वायू डेकवर आपटून वर उसळतात आणि त्यांतला काही भाग पुन्हा इंजिनाच्या तोंडात शिरतो. ज्या क्षणी विमानाला सर्वाधिक रेट्याची गरज असते, नेमक्या त्या क्षणी त्याला स्वतःचीच गरम उच्छ्वासाची हवा घ्यावी लागते.

धावपट्टीवर उतरणाऱ्या नेहमीच्या लढाऊ विमानालाही उष्णतेचा त्रास होतो. पण त्याचे वजन पंख पेलत असतात, इंजिन फक्त त्याला पुढे ढकलत असते. रेटा कमी पडला तर थोडी अधिक धाव घेऊन किंवा थोडा अधिक वेग राखून तो भरून काढता येतो. हवेत स्थिर उभ्या राहिलेल्या जंप जेटच्या पंखांचा काही उपयोग नसतो. त्याच्या वजनाचा प्रत्येक किलो इंजिनाच्या रेट्याने पेलावा लागतो, आणि रेटा वजनापेक्षा कमी पडला तर विमान खाली येते, मध्यम मार्ग उरत नाही.

आकडे घालून पाहिले की या गोष्टीची तीव्रता कळते. भारतीय नौदलाच्या सी हॅरियरमधल्या पेगॅसस इंजिनाचा कमाल रेटा २१,५०० पौंड, म्हणजे सुमारे ९,७५० किलो होता, आणि रिकाम्या विमानाचे वजन साधारण ६,४०० किलो. या दोहोंतला फरक सुमारे ३,३५० किलो. या फरकातून वैमानिक, तोफा आणि त्यांचा दारूगोळा, पंखांखालचे शस्त्रधारक, उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी लागणारे इंधन, हवेत तोल सांभाळण्यासाठी इंजिनातून काढून घेतलेली हवा आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेली शिल्लक, एवढे सगळे भागवायचे असते. त्यानंतर जे उरेल ते शस्त्रांसाठी. आता केवळ हिशोबासाठी रेट्यात आठ टक्क्यांची घट धरा. ती ७८० किलो होते. हे विमान जहाजांवर मारा करण्यासाठी जे सी ईगल क्षेपणास्त्र नेत असे, त्याचे वजन सुमारे ६०० किलो. हवाई लढतीसाठीचे मात्रा मॅजिक सुमारे ९० किलो. म्हणजे आठ टक्क्यांची घट एक सी ईगल आणि दोन मात्रा मॅजिक गिळून टाकते. घट इंजिनाच्या एकूण रेट्यात होते, पण विमानाचे स्वतःचे वजन एका किलोनेही कमी होत नसल्यामुळे ती सगळीच्या सगळी शस्त्रे आणि इंधन यांच्या वाट्यातून कापली जाते. जंप जेटचा सारा प्रश्न या वजावटीत आहे.

उड्डाणाच्या बाजूने हा प्रश्न बराचसा सुटला होता. ब्रिटिश नौदलातले अधिकारी डग टेलर यांनी १९७० च्या दशकात डेकच्या टोकाला वर वळलेल्या उताराची, म्हणजे स्की-जंपची, कल्पना मांडली. धाव घेणारे विमान त्या वळणावरून वरच्या दिशेने फेकले जाते, आणि हवेत असतानाच पंखांना पुरेसा वेग मिळवण्यासाठी त्याला काही सेकंदांची सवड मिळते. ‘हर्मीस’वर, आणि म्हणून ‘विराट’वर, हा उतार १२ अंशांचा होता. त्यात नौका वाऱ्याला तोंड देऊन वेगाने चालत असेल तर उष्ण दिवशीही बऱ्यापैकी जड विमान हवेत जाऊ शकते. परतीच्या वेळी मात्र स्की-जंपचा काहीच उपयोग नसतो. इंग्रजीत ज्याला ब्रिंग-बॅक म्हणतात, त्या परतीच्या भारावर तिथे सगळी गणिते येऊन थांबतात.

युद्ध पेटले असेल तर परतीच्या भाराची फारशी फिकीर करावी लागत नाही, कारण शस्त्रे शत्रूवर टाकून विमान हलके होऊन येते. पण विमानवाहू नौकांचे बहुतेक आयुष्य गस्तीत जाते. १९९८ आणि १९९९ मध्ये ब्रिटिश नौकांवरची सी हॅरियर विमाने दक्षिण इराकवरच्या उड्डाणबंदी क्षेत्रात गस्त घालत होती. अशा मोहिमेत क्षेपणास्त्र डागण्याची वेळ क्वचित येते आणि जे नेले तेच परत आणावे लागते. ते उष्णतेमुळे परत आणता येणार नसेल तर दोनच वाटा उरतात. एक म्हणजे लाखो डॉलर किमतीचे क्षेपणास्त्र समुद्रात टाकून द्यायचे. हे एखाद्या वेळी चालेल, रोज दोनदा चालणार नाही, आणि मर्यादित साठा असलेल्या नौकेला तर मुळीच परवडणार नाही. दुसरी वाट म्हणजे निघतानाच कमी शस्त्रे लावायची. व्यवहारात नेहमी दुसरीच वाट धरली जाते. म्हणून माहितीपत्रकातला कमाल शस्त्रभार कितीही असो, उष्ण समुद्रावर रोज प्रत्यक्ष उडणारा भार हा परतीच्या भाराइतकाच असतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा ब्रिटनच्याच इतिहासात आहे. सी हॅरियरची सुधारित आवृत्ती, एफए-२, ही तिच्या काळातली समर्थ लढाऊ विमानप्रणाली होती. तिचे ब्लू व्हिक्सन रडार उत्तम होते आणि नजरेच्या पल्ल्यापलीकडे मारा करणारी चार अ‍ॅमराम क्षेपणास्त्रे ती वाहू शकत असे. या श्रेणीतली शेवटची नवी विमाने १९९९ मध्ये नौदलाच्या हाती पडली. आणि अवघ्या तीन वर्षांनी, २००२ मध्ये, संरक्षण मंत्रालयाने हा सारा ताफा मुदतीआधी निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर केला. सांगितलेल्या कारणांत उष्ण हवामान ठळक होते. उन्हाळ्यात हे विमान न वापरलेल्या शस्त्रांसह नौकेवर उतरू शकत नाही, अधिक ताकदीचे नवे पेगॅसस बसवायचे तर विमानाच्या सांगाड्यात खर्चिक आणि जोखमीचे फेरफार करावे लागतील, आणि तो पैसा जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करणाऱ्या हॅरियरवर खर्च करणे बरे, असा तो युक्तिवाद होता. २००६ च्या मार्चमध्ये शेवटची एफए-२ विमाने सेवेतून गेली. त्यानंतर ब्रिटिश नौकांवर रडार असलेले लढाऊ विमान नव्हतेच, आणि ही पोकळी एफ-३५बी हे नवे अमेरिकन जंप जेट येईपर्यंत, म्हणजे एका तपाहून अधिक काळ, राहिली.

टीकाकारांनी त्या वेळी म्हटले, आणि अजूनही म्हणतात, की उष्णता ही सबब होती आणि खरे कारण काटकसर होते. मला हे अर्धेच पटते. काटकसर होती यात शंका नाही, पण उष्णतेची अडचणही खोटी नव्हती. वरचे आकडे पाहिले की ती कोणालाही दिसेल. खरा आक्षेप वेगळा आहे. १५ अंश आणि ३५ अंश यांतला फरक २००२ मध्ये कोणी नव्याने शोधून काढलेला नव्हता. नवी विमाने बांधून घेण्याचा निर्णय झाला तेव्हाही हवेचे भौतिकशास्त्र हेच होते, आणि १९९१ च्या आखाती युद्धानंतर ब्रिटिश नौकांना पुन्हा उष्ण समुद्रांवर जावे लागेल हेही उघड होते. तरीही विमान सुधारताना रडार बदलले, क्षेपणास्त्रे बदलली आणि इंजिनात जवळपास काहीच वाढ केली नाही. नवी क्षेपणास्त्रे घेऊन उन्हाळ्यात उतरायचे कसे, हा प्रश्न त्या वेळी खरेदीच्या अटींत सर्वांत वर असता, तर एक तर इंजिन तेव्हाच बदलले असते किंवा नवी विमाने बांधलीच गेली नसती. दोन्हीपैकी काहीही जे घडले त्यापेक्षा बरे झाले असते.

अभियंत्यांनी या अडचणीशी झुंज दिली नाही असे नाही. पेगॅससमध्ये उतरण्याच्या वेळी पाणी फवारण्याची सोय होती. खनिजे काढून टाकलेले सुमारे सव्वादोनशे लिटर पाणी इंजिनात सोडले की आतले तापमान खाली येते, इंधन थोडे अधिक जाळता येते आणि गमावलेल्या रेट्याचा काही भाग परत मिळतो. पण हे पाणी दीड मिनिटाच्या आसपास पुरते, आणि तेवढे सव्वादोनशे किलो वजन संपूर्ण फेरीभर वाहावे लागते ते वेगळेच. पोटाखाली लावलेल्या पट्ट्यांनी उसळणारे वायू अडवून त्यांचाच आधार घेण्याची युक्तीही हॅरियरमध्ये होती. पुढे २३,८०० पौंड रेट्याचे नवे पेगॅसस आले आणि अमेरिकन मरीन दलाच्या हॅरियरना त्याचा मोठा लाभ झाला. याक-३८ या सोव्हिएत जंप जेटची कहाणी तर फारच केविलवाणी होती. त्यात केवळ उभे उडण्या-उतरण्यासाठी वेगळी इंजिने होती, ती उष्ण कटिबंधात नीट सुरू होत नसत, आणि १९८० मध्ये अफगाणिस्तानातल्या शिंदांद तळावर चाचणीसाठी नेलेल्या या विमानांना तिथल्या उष्ण आणि विरळ हवेत नाममात्र बॉम्ब घेऊनच उडावे लागले.

एफ-३५बी या विमानाने हा प्रश्न मुळापासून वेगळ्या पद्धतीने सोडवला, आणि त्यामागच्या विचाराचे मला मनापासून कौतुक वाटते. त्याच्या धडात, वैमानिकाच्या आसनामागोमाग, एक मोठा पंखा आहे. मुख्य इंजिनाला जोडलेल्या दांड्याने तो फिरतो आणि वरची हवा तशीच, न जाळता, खाली फेकतो. त्यामुळे एकूण रेटा तर वाढतोच, शिवाय पुढच्या बाजूला थंड हवेचा जो स्तंभ तयार होतो तो मागच्या तप्त वायूंना इंजिनाच्या तोंडापर्यंत येऊ देत नाही. या विमानाशी स्पर्धेत असलेल्या बोइंगच्या एक्स-३२ मध्ये हॅरियरसारखीच थेट इंजिनाच्या वायूंवर उतरण्याची पद्धत होती, आणि उभ्या उतरण्याच्या चाचण्यांसाठी त्याचे काही भाग काढून वजन कमी करावे लागले होते. २००१ मध्ये एफ-३५ चे, म्हणजे लॉकहीड मार्टिनचे, प्रारूप निवडले गेले त्यामागे हा फरक मोठा होता.

असे असूनही हिशोब संपलेला नाही. उभे उतरताना एफ-३५बी ला सुमारे ४०,००० पौंड, म्हणजे १८ हजार किलोंहून थोडा अधिक रेटा मिळतो, आणि रिकाम्या विमानाचे वजन १४,६०० किलोंच्या घरात आहे. दोहोंतला फरक साडेतीन हजार किलोंच्या आसपास येतो. सी हॅरियरचा फरकही जवळपास एवढाच होता, हे वाचकांना आठवत असेल. विमान दुपटीहून जड झाले, त्याची किंमत अनेक पटींनी वाढली, पण परतीची शिल्लक साधारण तेवढीच राहिली. आणि इथे एक बारकावा आहे जो सहज नजरेतून सुटतो. सी हॅरियरमध्ये रेट्याची एक टक्का घट म्हणजे ९७ किलोंचे नुकसान होते. एफ-३५बी मध्ये तीच एक टक्का १८० किलोंची होते. शिल्लक तेवढीच, पण प्रत्येक टक्क्याची किंमत दुप्पट. पंख्याच्या थंड स्तंभामुळे आणि आधुनिक नियंत्रण यंत्रणेमुळे हे विमान उष्णता हॅरियरपेक्षा चांगली सोसते हे खरे, पण हवेच्या घनतेवरचे त्याचे अवलंबित्व वजनाबरोबर वाढलेच आहे. २००४ मध्ये या विमानाचे वजन आवाक्याबाहेर गेले तेव्हा हजार किलोंहून अधिक वजन उतरवण्यासाठी मोठी मोहीम राबवावी लागली, आणि तिची एक खूण कायम राहिली: या आवृत्तीच्या पोटातल्या कप्प्यात दोन हजार पौंडांचे बॉम्ब मावत नाहीत, हजार पौंडांचेच मावतात.

अमेरिकेने या विमानासाठी ठेवलेली अट योग्य दिशेची होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हजार पौंडांचे दोन बॉम्ब, दोन अ‍ॅमराम आणि परतीचे राखीव इंधन घेऊन विमानाला उभे उतरता आले पाहिजे, आणि तेही १५ अंशांच्या प्रमाण हवेत न मोजता उष्णकटिबंधीय म्हणून ठरवलेल्या दिवसात, असे त्या अटीत होते. नौदलाचा प्रश्न नेमक्या याच भाषेत विचारला गेला पाहिजे. मात्र तो उष्णकटिबंधीय दिवस समुद्रसपाटीला सुमारे ३२ अंशांचा धरलेला आहे. ऑगस्टमधल्या पर्शियन आखातात पाण्याचे पृष्ठभागच एवढे किंवा याहून अधिक तापलेले असते, आणि वरची हवा त्यापलीकडे जाते. विमान सपाट डेकवरून उडण्यासाठी लागणाऱ्या धावेची अटही आधी ५५० फुटांची होती. २०१२ मध्ये ती ६०० फुटांपर्यंत शिथिल करण्यात आली. आकड्यांत हा बदल किरकोळ दिसतो, पण शिल्लक किती काठावर होती हे त्यातून कळते.

ब्रिटनने आपल्या ‘क्वीन एलिझाबेथ’ नौकेवर यावर जो उपाय काढला तो एका अर्थाने कबुलीजबाबच आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एफ-३५बी पूर्ण थांबून न उतरता, थोडा पुढचा वेग राखून डेकवर टेकले आणि ब्रेक लावून थांबले. पुढचा वेग असला की पंख काही वजन पेलतात, आणि त्यामुळे शस्त्रे समुद्रात न टाकता परत आणता येतात. ही पद्धत विकसित करण्यामागे उष्ण आणि कमी दाबाच्या हवेतल्या परतीच्या भाराचीच काळजी होती. उपाय हुशारीचा आहे, आणि तो विमानाच्या खरेदीनंतर न सुचता आधीपासून आखला गेला होता हे विशेष. पण त्यासाठी लांब, मोकळे आणि ओल्या पावसातही घसरण न होणारे डेक लागते. ‘क्वीन एलिझाबेथ’ २८० मीटर लांब आहे. ज्या छोट्या नौकांसाठी जंप जेट हे मुळात वरदान मानले जाते, त्यांच्यावर ही सोय असेलच असे नाही.

आज हा प्रश्न पुन्हा सार्वजनिक महत्त्वाचा होण्याचे कारण या छोट्या नौकाच आहेत. जपानने ‘इझुमो’ आणि ‘कागा’ या दोन नौकांवर एफ-३५बी उडवण्यासाठी फेरबदल सुरू केले आहेत, आणि या नौकांना स्की-जंप नाही. इटलीकडे ‘कावूर’ आणि ‘ट्रिएस्टे’ आहेत. सिंगापूरने हेच विमान जमिनीवरच्या वापरासाठी मागवले आहे, आणि विषुववृत्तालगतच्या त्या बेटावर थंड दिवस असा जवळपास नसतोच. या सर्वांना विमान विकताना कमाल शस्त्रभाराचा जो आकडा पुढे केला जातो, तो पंखांखालचे सर्व शस्त्रधारक भरून, लांब धावपट्टीवरून निघतानाचा असतो. थायलंडचे उदाहरण या संदर्भात विसरू नये. १९९७ मध्ये सेवेत आलेल्या ‘चक्री नारुएबेत’ या नौकेसाठी त्या देशाने स्पेनकडून जुनी हॅरियर घेतली, आणि ती अल्पशा काळातच उडण्याजोगी राहिली नाहीत. तिथे मुख्य अडचण सुट्या भागांची होती, उष्णतेची नव्हे. पण जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनांची विमाने उष्ण समुद्रावर नेताना त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हा विचार तिथेही आधी व्हायला हवा होता.

या मांडणीवर एक आक्षेप वजनदार आहे. आजची शस्त्रे अचूक असतात, म्हणून छोटी असली तरी चालतात; सव्वाशे किलोंच्या आसपासचा बॉम्ब आज जे काम करतो त्यासाठी पूर्वी हजार पौंडांचे दोन-तीन बॉम्ब लागत, मग परतीचा भार कमी झाला तर बिघडले कुठे, असे विचारले जाते. जमिनीवरच्या लक्ष्यांपुरते हे बरेचसे खरे आहे. पण जहाजांवर मारा करणारी क्षेपणास्त्रे छोटी झालेली नाहीत, हवाई लढतीत दोन क्षेपणास्त्रे आणि चार क्षेपणास्त्रे यांत जगण्या-मरण्याचा फरक पडू शकतो, आणि मुख्य म्हणजे परतीच्या भारात शस्त्रांबरोबर इंधनही मोजलेले असते. उष्ण दिवशी वजन उतरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे राखीव इंधन कमी करणे. त्याची किंमत वैमानिक चुकवतो, कारण डेकवर अचानक अडथळा आला, पावसाची सर आली किंवा पहिला प्रयत्न फसला, तर त्याच्या हाती किती मिनिटे आहेत हे त्या इंधनावर ठरते. उड्डाणे रात्री किंवा पहाटे करावीत, हे सुचवणेही पुरेसे नाही. समुद्रावर दिवस आणि रात्र यांच्या तापमानात जमिनीवर असतो तेवढा फरक नसतो, आणि शत्रू आपले वेळापत्रक पाहून येत नाही.

भारताने २०१६ मध्ये सी हॅरियर निवृत्त केली, पुढच्या वर्षी ‘विराट’लाही निरोप दिला, आणि वाट बदलली. ‘विक्रमादित्य’ आणि २०२२ मध्ये कोचीत नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ या दोन्ही नौकांवर विमाने स्की-जंपवरून उडतात आणि परतताना आडव्या तारांना आकडा अडकवून थांबतात. तारेत उतरणाऱ्या विमानाचे वजन पंख पेलत असल्यामुळे परतीच्या भारावरची उष्णतेची पकड बरीच सैल होते. पण मग तीच पकड उड्डाणाच्या टोकाला येते, कारण स्की-जंपवरून पूर्ण भारासह निघायचे तर रेटा भरपूर लागतो, आणि उन्हाळ्यात तोच घटतो. २०१६ मध्ये नौदलाने तेजसच्या तत्कालीन नौदल आवृत्तीला वजनाच्या कारणावरून नकार दिला तो याच गणितातून. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला आहे. त्यांची स्की-जंपवरची चाचणी २०२२ मध्ये गोव्याच्या हंसा तळावर झाली होती. गोव्यातल्या जानेवारीच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी स्की-जंपवरून किती भार निघतो, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार संसदेच्या स्थायी समितीला असायला हवा, आणि तिसऱ्या विमानवाहू नौकेवर कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून जोराने पुढे फेकणारी यंत्रणा, हवे की नको हा वाद त्या आकड्यांवर व्हायला हवा. आज तो वाद बहुतांशी किमतीवर आणि प्रतिष्ठेवर होतो.

गुप्ततेची सबब इथे फारशी टिकत नाही. कोणत्या मोहिमेत किती क्षेपणास्त्रे नेली हे गुप्त राहिलेच पाहिजे; पण अमुक तापमानाला आणि अमुक आर्द्रतेला विमान किती भार घेऊन उतरू शकते, हे शत्रूलाही साधारण हिशोबाने काढता येते, मी वर काढले तसे. ते फक्त त्या नागरिकापासून लपते ज्याच्या पैशातून विमान घेतले जाते. खरेदीच्या अटींत पहिली ओळ म्हणून उष्ण, दमट आणि कमी दाबाच्या दिवसातला परतीचा भार लिहावा, तो दिवस नौदल प्रत्यक्ष जिथे वावरणार आहे त्या समुद्राच्या नोंदींवरून ठरवावा, आणि विक्रेत्याने दिलेला आकडा थंड देशातल्या चाचणीवर न सोडता त्या समुद्रावरच तपासून घ्यावा, एवढी मागणी अवाजवी नाही.

तो दिवस ठरवताना मागच्या नोंदींवर थांबूनही चालणार नाही. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार उष्णकटिबंधीय हिंद महासागराच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने वाढले आहे. एक अंशाने हवेची घनता एक तृतीयांश टक्क्याने घटते. एफ-३५बी च्या बाबतीत केवळ घनतेचा हिशोब केला तरी ते सुमारे ६० किलो होतात. दोन अंशांना एक छोटा अचूक बॉम्ब जातो. ‘क्वीन एलिझाबेथ’ २०१७ मध्ये सेवेत आली आणि तिचे अपेक्षित आयुष्य पन्नास वर्षांचे आहे. तिच्यावर आणि तिच्यासारख्या नौकांवर उतरणाऱ्या विमानांसाठी ‘सर्वांत उष्ण दिवस’ कोणता धरायचा, हे २०६७ च्या समुद्राकडे पाहून आज ठरवावे लागेल.